चेरोबाच्या घंटेला लोलक का नाही

खारवांगणीच्या चेरोबाच्या देवळात नवखा माणूस शिरला की त्याचा हात आपोआप वर जातो. घंटा मोठी आहे, ओतीव आहे, सहज हाताला लागेल इतकी खाली टांगलेली आहे. माणूस लोलक चाचपडतो, हाताला काहीच लागत नाही, मग मान वर करून आत बघतो. घंटेच्या पोटात काळोख. लोलक अडकवायची कडी तेवढी आहे, आणि तिच्यावर कुंभारमाशीनं घर केलेलं आहे.

गुरव बसल्या जागेवरून सांगतो, "ती अशी नाय वाजत." त्याचं सांगणं तिथंच संपतं. पुढचं ऐकायचं तर पारावरच्या म्हाताऱ्यांकडे जावं लागतं, आणि म्हातारे सुरुवात करतात ती घंटा ओतणाऱ्या कासारापासून. तो कुठून आला, कोणाच्या ओसरीवर उतरला, त्याला जेवायला कोण घालत होतं. या जेवणावरून दोन म्हातारे आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. काळ विचारलात तर एक म्हणतो आंग्र्यांचा, दुसरा म्हणतो त्याच्याही आधीचा. ऐकणारा बिचारा चहा पिऊन, घंटेचा फोटो काढून निघून जातो. गोष्ट त्याला मिळतच नाही.

कारण गोष्ट कासारापासून सुरू होत नाही. ती सुरू होते बांधावरच्या उघाडीपासून, आणि एका बाईपासून. म्हाताऱ्यांच्या सांगण्यात तिचं नाव फार उशिरा येतं, म्हणून इथं आधीच सांगितलेलं बरं. तिचं नाव ठमा.

इथली सगळी शेती खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली. मध्ये मातीचा बांध, अलीकडे भात, पलीकडे समुद्राचं पाणी. बांधात जागोजागी उघाड्या असतात, म्हणजे लाकडी फळ्यांची दारं. ओहोटी लागली की फळी उचलायची, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती यायच्या आत फळी पाडायची. एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बांध फुटला की दुरुस्तीला घरटी एक माणूस यायचा. त्याला जोळ म्हणतात. ठमाच्या घरी माणूस ती एकटीच. नवरा तापानं गेलेला, पोटी मूल नाही, माहेर खाडीपल्याड आणि तिथंही भावजया. म्हणून जोळीला ती स्वतः यायची, डोक्यावर मातीची टोपली घेऊन, पुरुषांच्या रांगेत. तिचं शेत उघाडीला लागून, सगळ्यांत खालचं. पण त्या वर्षी त्यात भात असं आलं होतं, की बांधावरून जाणारा थांबून बघायचा.

ते भात तिनं कापलं नव्हतं. कापायची पाळी यायची होती. आधी पाटलाची कापणी, मग पंचांची, मग उरलेल्यांची, असा गावचा रिवाज. मोठ्यांनी घालून दिलेला रिवाज. पिकलेलं भात कुणाची पाळी बघत थांबतं का, हे मोठ्यांना कोण विचारणार?

दिवाळीची अमावस्या आली. पाटलाकडे सुभ्याचा कारकून पाहुणा येणार होता. पाटील जाता जाता कान्हूला म्हणाला, "जिताडा गावला तर बघ रं." कान्हू म्हणजे गावातला होडीवाला. होडी हाकायची, उघाडीच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावायचं आणि मिळेल तो मासा विकायचा, असा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता, हे ठमानंही पुढे कधी नाकारलं नाही. पण पाटलानं काही मागितलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं.

खाडीकाठी जन्मलेला माणूस भरतीला फळी उचलत नाही. दारू प्यायला तरी उचलत नाही. पण जिताडा भरतीच्याच पाण्याबरोबर येतो. अमावास्येचं उधाण भरदुपारी चढलं, गाव दिवाळीच्या बाजाराला पल्याड गेलेलं होतं. कान्हूनं विचार केला, वीतभर फळी उचलू, मासा आत येऊ दे, लगेच पाडू. वीतभर उचलली. पाण्यानं ती त्याच्या हातातून घेतली, खाचेत तिरकी अडकवली, आणि तिच्या कडेनं बांधाची माती सुटायला लागली.

ठमा तेव्हा शेतात पाखरं हाकत होती. तिनं आधी खेकडे पाहिले, असं सांगतात. भाताच्या बुंध्यांमधून खेकडे वरच्या बाजूला पळत होते, शेकड्यांनी, मागे काही लागल्यासारखे. मग पाणी आलं. पाणी येताना आवाज झाला नाही. पावसाचं पाणी वरून येतं, हे खालून आलं, भाताच्या काड्यांमधून वाट काढत, पायाला कोमट लागलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. त्यानंतर ती धावली.

उघाडीपाशी कान्हू छातीभर पाण्यात उभा होता आणि अडकलेल्या फळीला पाठ लावून रेटत होता. ठमा त्याच्या शेजारी उतरली. दोघांनी मिळून रेटलं. फळी हलली नाही. बांध मात्र हलला, आणि बैलगाडी जाईल एवढी खांड पडली.

गाव बाजारातून परतलं तेव्हा ओहोटी लागली होती. मग सगळे धावले, जोळ लागली, अंधार पडायच्या आत खांड बुजवली. वरच्या शेतांना आडबांध होता म्हणून ती वाचली. सगळ्यांच्या वाट्याचं पाणी ठमाच्या एका शेतानं पिऊन घेतलं.

आणि त्या शेतात मासळी अडकली. जिताडे, बोयटं, कोळंबी, आडव्या पडलेल्या भातावर तडफडत होती. गाव टोपल्या घेऊन उतरलं. कुणी वाईट मनानं उतरलं नव्हतं. मासा दिसला की खाडीकाठचा माणूस उतरतोच. पण भातावर पाय देऊन उतरलं. त्या दिवाळीला खारवांगणीत एकही चूल अशी नव्हती, की जिच्यावर मासा शिजला नाही. सगळ्यांत मोठा जिताडा पाटलाकडे गेला, कारकुनानं काटे चोखून खाल्ला. एका बाईनं ठमाच्या उंबऱ्यावर दोन बोयटं आणून ठेवली. "घे गो ठमे, तुज्याच शेतातली हायत." ठमानं त्यांना हात लावला नाही. मांजरानं नेली.

आठवड्याभरात चेरोबाच्या देवळापुढे सभा बसली. पाटील आणि पाच पंच. कान्हूनं काही लपवलं नाही. फळी मी उचलली म्हणाला. पाटलासाठी उचलली, हे मात्र म्हणाला नाही, आणि पाटलानंही ती आठवण काढली नाही. पंचांनी निकाल दिला. गुन्हेगारी, म्हणजे गुन्ह्याचा दंड, सरकारात अमुक. देवाचा बांध फोडला म्हणून चेरोबाला घंटा. आणि गावाला एक जेवण, म्हणजे कान्हूचा दोष गेला, तो पुन्हा पंगतीत आला. कान्हूनं मान खाली घालून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं होडी विकली.

"न्याव झाला," पाटील म्हणाला आणि उठायला लागला.

"माज्या शेताचा काय?" ठमानं विचारलं.

"शेत कुठं पलालं? हाय तिथंच हाय. पावसानं मीठ धुवून जाईल. दोन-तीन पावसाले."

"तवर?"

"तवर देव हाय."

एक पंच हसून म्हणाला, "तू जिकलीस ना गो? जिकनारीनं तोंड वाकडं करू नये." आणि त्यावरून त्यांना आठवलं, की जिंकणाऱ्यानंही काही द्यायचं असतं. हरकी म्हणायचे त्याला. न्याय मिळाल्याचा आनंद झाला म्हणून पंचांच्या हाती ठेवायची भेट. तेव्हा तशी रीतच होती, म्हणे. हरणाऱ्यानं दंड द्यायचा, जिंकणाऱ्यानं हरकी द्यायची, आणि दोन्ही घेणारे तेच.

ठमाच्या घरी देण्यासारखी एकच वस्तू होती, लग्नात आलेली पितळी घागर. तीच तिनं आणून ठेवली. पंचांनी ती ठेवून घेतली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी ती देवाला दिली. कासार आला, तेव्हा घंटेसाठी धातू कमी पडत होता. कान्हूच्या होडीचे पैसे आणि ठमाची घागर एकाच मुशीत गेली.

घंटा टांगली त्या दिवशी गावजेवण झालं. कान्हूला पंचांच्या शेजारी बसवलं, पाटलानं स्वतःच्या हातानं त्याला पहिला घास भरवला, लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो शुद्ध झाला होता. ठमा पंगतीच्या टोकाला बसली. तिच्या शेजारची बाई लेकराला पाजायचं म्हणून उठली आणि परत येऊन दुसरीकडे बसली. तिच्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं. वाईट झालं म्हणावं, तर न्याय झाला होता. बरं झालं म्हणावं, तर शेत पांढरं दिसत होतं.

हिवाळ्यात शेत अजून पांढरं झालं. मिठाची पापडी धरली. उन्हं चढली की ते लांबून चमकायचं आणि पल्याडच्या गावचे लोक विचारायचे, वांगणीकरांनी नवीन मिठागर घातलं का? ठमा दुसऱ्यांच्या खळ्यावर राबायची, मिळेल तो कोंडा-कणी आणायची, आणि पाण्याला मातीचं मडकं घेऊन जायची. संध्याकाळी घंटा वाजली की तिचा हात कामावरून थांबायचा. गावाला त्या आवाजात देव ऐकू येत होता. तिला घागर ऐकू यायची. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं.

त्यात एक दंडक होता. जमीन पुढच्या दिवाळीपर्यंत पिकाविना पडीक राहिली, तर ती गावकीकडे जायची आणि पाटील ती दुसऱ्याला लावून द्यायचा. तसं झालं तर ठमाला गावात राहायला कारणच उरत नव्हतं. भावजयांच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच उरत होतं.

मग एके दिवशी तिनं टोपली घेतली आणि डोंगराकडे निघाली. डोंगराची माती गोडी, बिनमिठाची. तिच्या मनात आलं, मीठ धुवून जायची वाट बघण्यापेक्षा त्याच्यावर गोडी माती घालावी. ती डोंगर उतरायची, बांधावरून चालायची, टोपली रिकामी करायची, परत जायची. पारावरून कुणीतरी म्हणायचा, "ठमी दर्या बुजवाया निंगाली." सगळे हसायचे. टोपलीभर मातीचा शेतात एवढासा ढीग दिसायचा, उंदरानं उकरल्यासारखा.

वाटेत कधी कान्हू दिसायचा. होडी गेल्यापासून तो दुसऱ्याच्या होडीवर मजुरीनं वल्ही मारत होता. ती दिसली की तो बांधावरून खाली उतरून उभा राहायचा, तिला वाट द्यायला. एकदा तो उतरला नाही.

"ठमाबाय, माजी होरी गेली गो," तो म्हणाला.

"कुठं गेली?"

"घंटेत."

"माजी घागरपन तिथंच गेली," ठमा म्हणाली. "बरं झालं. एकमेकींना सोबत तरी हाय."

कान्हूला हसू आलं, आणि लगेच विरलं. दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन डोंगरावर तिच्या आधी हजर होता. दोघांनी चार दिवस माती वाहिली. पाचव्या दिवशी पाटलानं त्याला बोलावून घेतलं. "दंड भरलास ना? शुद्ध झालास ना? मंग परत कशाचा भरतोस? पंच चुकले असा लोकांना दाखवायचा हाय का?" आणि सगळ्यांत खरं कारण शेवटी बोलला, "आज ही मागंल, उद्या सगलेच मागतील." कान्हू गेला तो परत आला नाही. ठमा वाट बघत थोडा वेळ डोंगराच्या पायथ्याशी बसली, मग एकटीच उठली. आधी ती एकटी होती, तेव्हा तिला फारसं जाणवत नव्हतं. चार दिवस कुणीतरी मागे चालत होतं, त्यामुळे आता जाणवायला लागलं.

पावसाळा आला. तिनं माती घातली होती तेवढ्या तुकड्यावर रोपं लावली. ती हातभर वाढली आणि मुळं खाली मिठाला टेकली तशी पिवळी पडली. भाद्रपदात तिथं काही उरलं नव्हतं. एकटीच्या टोपलीनं ते होणार नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.

दिवाळी जवळ आली. गावकीनं शेत कुणाला लावायचं, याची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी येऊन शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजूनही गेलं. ती झोपडीच्या दारात बसून बघत होती, आणि मोजणाऱ्यानं तिला ओळखदेखील दिली नाही.

त्याच दुपारी ठमा देवळात गेली. गुरव पडवीत झोपला होता. तिनं मातीची टोपली घंटेखाली पालथी घातली, तिच्यावर चढली, आणि कडीतून लोलक काढून घेतला. लपवला नाही. पदरात घेऊन भर गावातून चालत गेली. पारावरच्यांना वाटलं, ठमी चेरोबाचा नारळ घेऊन चालली असेल. शेतात जाऊन, चिखलात दंडापर्यंत हात घालून, तिनं तो पुरला.

संध्याकाळी गुरवानं घंटेची दोरी ओढली. घंटा हलली आणि गप्पच राहिली. गुरवाला वाटलं, आपले कान गेले. म्हणून त्यानं बायकोला हाक मारली, ती ऐकू आली, आणि मग तो खरा घाबरला.

कुणी नेला हे शोधावं लागलं नाही. ठमा स्वतःच देवळापुढे येऊन बसली होती. सकाळी सभा भरली. तोच पाटील, तेच पंच, फक्त या वेळी चोर ती होती. गेल्या वर्षी जिंकली तेव्हा तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. आता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

"तू नेलास?" पाटलानं विचारलं.

"मीच."

"कुठं हाय?"

"माज्या शेतात. मिठाखाली."

सभेत चुळबुळ झाली. एका पंचानं दंडाची गोष्ट काढली. बाईकडे होतं काय, दंड तरी कशाचा घेणार? दुसरा म्हणाला, गावाबाहेर काढा. तिसऱ्यानं देवाच्या चोरीला पूर्वी काय करत ते सांगायला सुरुवात केली. पाटलानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"दंडाचा मागनं बघू," तो म्हणाला. "आधी देवाचा देवाला दे."

ठमा उठून उभी राहिली.

"काय म्हनालात पाटील? पुन्ना सांगा, मागच्यांना ऐकू नाय आला."

पाटलाला वाटलं ती घाबरली. त्यानं आवाज चढवून पुन्हा सांगितलं, "ज्याचा गेला त्याला आधी परत दे. दंड मागनं."

"मंग ह्यो शब्द गेल्या दिवालीला ह्या तोंडातून का नाय आला?"

पाटलानं पंचांकडे बघितलं. एक म्हातारा पंच शेवटी म्हणाला, "देव आनि तू एक का गो?"

"नाय," ठमा म्हणाली. "देवाला भूक नाय लागत."

ती पुढं म्हणाली, आणि हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता असं सगळेच सांगतात, "सरकारला मिलाला. देवाला मिलाला. गावाला जेवान मिलाला. कान्हूला पंगत मिलाली. मी हरकी दिली. जिचा गेला तिला काय मिलाला ते एकानं सांगा, मी लोलक देते आनि गाव सोडून जाते."

मागे बसलेला कान्हू उठला. पाटलानं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. कान्हूनं त्याच्याकडे न बघता भिंतीला टेकवलेली ठमाची टोपली उचलली, तीच, जी घंटेखाली पालथी होती.

"मासा सगल्यांनी खाल्ला," तो म्हणाला, आणि डोंगराच्या वाटेला लागला.

त्याच्यामागे आधी कोण गेलं यावरही म्हाताऱ्यांचं एकमत नाही. प्रत्येकाचा खापरपणजोबा पहिला होता. पण बायका सांगतात, की पहिली उठली ती उंबऱ्यावर दोन बोयटं ठेवून गेलेली बाई. मग सगळ्या बायका, मग पुरुष, आणि पंच सगळ्यांत शेवटी, उपरणी सावरत. घरटी एक माणूस, जोळीसारखा. पाटील स्वतः आला नाही. त्यानं गडी पाठवून नियम भागवला.

पावसाळ्याआधी शेत कमरेएवढं उंच झालं. आज ज्याला ठमीची भर म्हणतात तो भातखाचरांमधला एकटा उंचवटा तोच, आणि डोंगराच्या कुशीत वाडगा काढल्यासारखा जो खळगा दिसतो तो त्याच मातीचा. शेत गावकीकडे गेलं नाही. त्या वर्षी तिथं भात आलं. ते तिनं पाटलाच्या कापणीची वाट न बघता कापलं. कुणी अडवलं नाही.

मग गुरव आणि पंच लोलक मागायला आले. ठमानं पायाखालची जमीन दाखवली. "हितंच हाय. मी सांगितलावता, शेतात हाय. वर माती तुमीच टाकलीव." गावातल्या एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही माती टाकण्याआधी लोलक काढून घ्यायचं सुचलं नव्हतं. आता खणायचं तर सगळ्यांनी घातलेली भर सगळ्यांनीच उपसायची. पंच आल्या पावली परत गेले.

ठमा त्या दिवशी विळा घेऊनच देवळात गेली, कापणीवरून तशीच, अंगाला भाताची कुसळं चिकटलेली. तिनं विळ्याच्या पाठीनं घंटेवर एक टोला दिला. म्हणे, लोलक होता तेव्हा जो आवाज यायचा तो आला नाही. विहिरीत घागर बुडताना, तिच्या तोंडातून पाणी आत शिरताना जो आवाज येतो, तसा आला, पण एवढा मोठा, की खाडीतल्या होड्यांनी वल्ही थांबवली. लोक म्हणाले चेरोबा बोलला. ठमा काही म्हणाली नाही. आवाज विरेपर्यंत तिनं घंटेला हात लावून ठेवला आणि मग घरी गेली.

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. शेत तिचंच राहिलं. गावानं तिला मान दिला, पण हाक दिली नाही. न्याय मागून घेतलेल्या बाईशी पाणवठ्यावर कुणी सहज गप्पा मारत नाही; आपलंही काही निघेल असं प्रत्येकाला वाटतं. कान्हू तेवढा अधूनमधून तिच्या बांधावर येऊन बसायचा. दोघं भरती चढलेली बघायचे. तो गेल्यावर ती तिथं एकटी बसायची.

पण तेव्हापासून खारवांगणीत रीत पडली. भांडण, चोरी, मारामारी, काहीही पंचांपुढे आलं, की कुणी केलं याच्या आधी विचारायचं, कुणाचं काय गेलं. ते भरून द्यायचं. देवाचा आणि सरकारचा दंड त्याच्यामागून. आणि ज्याचं भरून आलं त्यानं स्वतः देवळात यायचं, विळ्याच्या पाठीनं घंटेवर एक टोला द्यायचा. दुसऱ्या कुणी तिला वाजवायचं नाही, पाटलानं नाही, पुजाऱ्यानं नाही, नवस फेडणाऱ्यानंही नाही. टोला ऐकला की गावाला कळतं, की न्याय झाला. टोला ऐकू आला नाही, तर झाला नाही, कागदावर काहीही असो.

आजही घंटेची ही रीत मोडलेली नाही. आता पंच राहिले नाहीत, सगळं तालुक्याच्या कोर्टात जातं. तीन वर्षांपूर्वी बांधालगतच्या नव्या रस्त्यावर रेतीच्या डंपरखाली सुगंधा म्हात्रेचा नवरा सापडला. चालकाला शिक्षा झाली, दंड झाला, दंड त्याच दिवशी भरला गेला आणि सरकारजमा झाला. त्याची पावती निघाली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी ती वाचून एकमेकांना सांगितलं, की सुटलं एकदाचं प्रकरण. सुगंधा तिच्या दोन मुलींना घेऊन दुसऱ्यांच्या वाडीत मजुरीला जाते. तिला काय मिळालं हे कुणी विचारलेलं नाही.

अमावास्येला, दुपारी, देवळात कुणी नसताना ती येते. गुरव तिच्यासाठी विळा काढून उंबऱ्याशी ठेवतो आणि मुद्दाम पडवीत जाऊन बसतो. ती घंटेखाली उभी राहते, वर बघते. विळ्याला हात लावत नाही.